हातचं राखून

कराडच्या प्रीतिसंगमावर बसून मी ‘रणांगण’ दुसऱ्यांदा वाचली. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची, महायुद्धाच्या तोंडावरची. पहिल्या वेळी चक्रधरचा राग आला होता. उमाने मन मोडलं म्हणून बोटीवर जीव लावणाऱ्या हॅर्टाशीही हा हातचं राखून वागतो! या वेळी हॅर्टाच्या सोबतची माणसं दिसली: हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू. १९३८मध्ये त्यांच्यासाठी एव्हियाँला ३२ देश जमले. हळहळले सगळेच, दारं बहुतेकांनी लावून घेतली. चक्रधरचं कोरडेपण तेव्हा जगाचंच होतं. मुंबईला तो उतरतो, ती पुढे जाते.

आता त्याचा राग येत नाही, भीती वाटते. निर्वासितांची बुडती बोट मोबाइलवर दिसली, की मीही अंगठ्याने पुढे सरकतो.