मुंबईचे दिवे गेले तो दिवस

आपल्याकडे लाईट गेली तर कुणी दचकत नाही. हंडे भरलेले असतात, बॅटरी हाताशी असते. शहराला ही सवय नाही. आपल्यापैकी बहुतेकींचं कुणी ना कुणी मुंबई-ठाण्याकडे राहतं, म्हणून आज १२ ऑक्टोबर २०२० ची हकीकत सांगते.

सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागेवर थांबल्या, माणसं उतरून रुळांतून चालू लागली. कोरोनाचा काळ, दवाखान्यांत अत्यवस्थ रुग्ण. जनरेटरसाठी निदान आठ तासांचं डिझेल ठेवा, असं महापालिकेने दवाखान्यांना कळवलं. गाड्या दोन-अडीच तासांत सुरू झाल्या, पण काही भागांत रात्रीपर्यंत अंधार होता.

असं का झालं? लग्नघरची भरलेली कढई चौघींनी उचलली आहे असं समजा. एक आधीच बाजूला झाली, दुसरीचा हात सुटला, की उरलेल्या दोघींना भार पेलत नाही. कळवा-पडघा भागातल्या उच्च दाबाच्या वाहिन्यांचं तेच झालं. एक दुरुस्तीसाठी बंद, दुसरीत बिघाड. अशा वेळी मुंबईने बाहेरच्या जाळ्यापासून स्वतःला तोडून आपल्या विजेवर चालायचं, अशी सोय १९८१ पासून आहे. त्या दिवशी नेमकी तीच टिकली नाही. पुढे सायबर हल्ल्याचा संशयही निघाला.

इमारतीत वीज गेली की पंप थांबतो. टाकीत आहे तेवढंच पाणी, म्हणून दहाव्या मजल्यावरच्या लेकीला पहिली गोष्ट सांगा, दोन बादल्या कायम भरून ठेव. लिफ्टमध्ये अडकलं तर धोक्याची घंटा दाबायची आणि थांबायचं. दार उचकटून बाहेर पडायला जाणं जिवावर बेततं. मेणबत्तीपेक्षा बॅटरी बरी, पडद्याजवळ तर मेणबत्ती नकोच. जनरेटर घरात किंवा बंद गॅलरीत लावू नये. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातं. इस्त्री, मिक्सर यांची बटणं बंद करायची, नाहीतर वीज आल्यावर इस्त्री आपोआप तापत बसते. फ्रीज सारखा उघडला नाही तर चारेक तास गार राहतो. घरात इन्सुलिन असेल तर हे फार महत्त्वाचं. फोनची चार्जिंग गाणी ऐकण्यात घालवू नये, हे पोरांना वेगळं सांगावं लागतं!

मुंबईची वीज परत आणताना ट्रॉम्बेच्या केंद्राबरोबर सह्याद्रीतली पाण्यावरची केंद्रंही कामाला लागली. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला याच पाण्याच्या जोरावर विजेवर चालू लागल्या. भिऱ्याला पाणी मुळशीच्या धरणातून जातं. त्या धरणात मावळ्यांची गावं आणि भातशेती जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. त्यात बायकाही उतरल्या होत्या. धरण मात्र झालंच, आणि मुंबई उजळल्यावरही त्या पाण्याकाठच्या कित्येक वाड्यांत अनेक वर्षं रॉकेलचीच चिमणी होती.