लक्ष्मीबाईंचं लग्न आणि पेडणे महाल

पेडण्याचा इतिहास सांगताना १७८८ हे साल ठरलेलं. त्या वर्षी सावंतवाडीकरांनी पेडणे महाल पोर्तुगीजांना दिला. डिचोली त्याआधी १७८१ मध्येच गेली होती. नव्या काबिजादींच्या या कहाणीत आपण खेम सावंत, कोल्हापूरकर आणि पोर्तुगीज यांची नावं घेतो. त्यामागचं एक लग्न मात्र सहसा कुणी मोजत नाही.

१७६३ साली तिसऱ्या खेम सावंतांचं लग्न लक्ष्मीबाईंशी झालं. लक्ष्मीबाई म्हणजे जयाप्पा शिंद्यांची मुलगी, महादजींची पुतणी. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, म्हणजे लग्नाच्या वेळी बाप जाऊन आठ वर्षं झालेली. वाडीसारख्या लहान संस्थानाला या सोयरिकीने मराठेशाहीतल्या एका बलाढ्य घराण्याचा आधार मिळाला. पुढे शिंद्यांच्याच वजनाने दिल्लीच्या बादशहाकडून खेम सावंतांना ‘राजे बहादूर’ हा किताब आला.

हा मान कोल्हापूरकरांना खुपला. वाडी आणि कोल्हापूर यांचं वैर जुनंच होतं, किताबाने त्यात तेल ओतलं. कोल्हापूरकरांनी वाडीचे किल्ले घेतले. शिंद्यांच्या शब्दाखातर ते परतही मिळाले, पण भांडण मिटलं नाही. शेवटी कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून सावंतांनी पोर्तुगीजांचा हात धरला, आणि त्या मदतीची किंमत म्हणून पेडणे गेलं. सगळा दोष लग्नाच्या माथी मारता येत नाही, पण ते वगळून हिशेब लागतही नाही.

घराण्याच्या मानासाठी मुलीला एखाद्या जागी बसवायचं, ही रीत काही आपलीच नव्हे. बाराव्या शतकात जर्मनीतल्या श्टाड घराण्याची रिखार्डिस ही तरुण नन ११५१ मध्ये बासुमच्या मठाची प्रमुख झाली. तिचा भाऊ हार्टविग ब्रेमेनचा आर्चबिशप होता. तिची गुरू हिल्डेगार्डने विरोध केला, थेट पोपपर्यंत दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी रिखार्डिस वारली. आपल्या जुन्या मठात परतायची तिची इच्छा होती, हे भावानेच नंतर कळवलं.

लक्ष्मीबाईंना आयुष्य लाभलं, सुख किती लाभलं कोण जाणे. १८०३ मध्ये खेम सावंत निपुत्रिक वारले आणि वारसाचा तंटा उभा राहिला. १८०५ मध्ये लक्ष्मीबाईंनी रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब यांना दत्तक घेतलं. दोन-तीन वर्षांतच त्या मुलाचा गळा दाबून खून झाला. सोयरीक म्हणून वाडीत आलेल्या मुलीला उतारवयात गादीच सांभाळावी लागली, तीही अशी.

पेडण्याचं १७८८ पुन्हा कधी निघालं, तर त्याच्या पंचवीस वर्षं आधीचं हे लग्नही आठवावं.