आजीबाईंच्या घरीं : पंडिता रमाबाईंचा विलायतवास

परदेशांत चार महिने हिंडून येणें निराळें आणि परक्याच्या घरांत वर्षानुवर्षें राहणें निराळें. प्रवाशाला नवलाई दिसते. राहणाराला रोजचें जेवण, थंडी, भाषा आणि यजमानाची मर्जी यांशीं गांठ घालावी लागते. नॅथॅनिअल हॉथॉर्न हा अमेरिकन कादंबरीकार १८५३ सालीं लिव्हरपूल येथें आपल्या देशाचा कॉन्सल म्हणून आला, चार वर्षें राहिला, आणि पुढें इंग्लंडवर त्यानें जें पुस्तक लिहिलें त्याला ‘आपलें जुनें घर’ अशा अर्थाचें नांव दिलें. त्याचाच देशबंधु हेन्री जेम्स १८७६ त लंडनला स्थायिक झाला आणि मृत्यूच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९१५ त, ब्रिटिश प्रजाजन बनला. या दोघांची भाषा यजमानांचीच होती, अन्न ओळखीचें होतें. तरी परकेपणा त्यांना सुटला नाहीं. मग जिला इंग्रजी जेमतेम येत होतें, जी मांसमत्स्याला शिवत नव्हती आणि जिच्याबरोबर दोन वर्षांची मुलगी होती, अशा एका मराठी विधवेनें इंग्लंडांत दिवस कसे काढले असतील?

ही विधवा म्हणजे पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ सालीं जन्मली. संस्कृत घरींच शिकली. दुष्काळांत आईबाप गेले, मग भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आंतच, १८८२ त, पतिही गेले. कलकत्त्याच्या पंडितांनीं दिलेली ‘पंडिता’ ही पदवी आणि मनोरमा ही लहान मुलगी एवढीच त्यांची जमा. पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून विलायतेचें भाडें जमविलें. वैद्यक शिकावें हा हेतु होता. एप्रिल १८८३ मध्यें मुंबईहून बोट सुटली आणि मे महिन्यांत त्या वाँटेज या गांवीं पोहोंचल्या.

वाँटेज हें त्या वेळीं बर्कशायर परगण्यांतलें गांव. तेथें सेंट मेरी नांवाचा ख्रिस्ती भगिनींचा मठ होता. त्याची एक शाखा पुण्यांत असल्यामुळें ओळख आधींच झालेली होती. व्यवहार सरळ ठरला होता : रमाबाईंनीं हिंदुस्थानांत जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावें, आणि भगिनींनीं त्यांना ठेवून घेऊन इंग्रजी शिकवावें. भिक्षेवर राहावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा यांत दिसतो.

पण नशीब आड आलें. रमाबाईंचे कान अधू होते, आणि बहिरेपणा वाढत चालल्यामुळें वैद्यकाचा नाद सोडावा लागला. त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या बाईंच्या मनावर परदेशचा ताण असह्य झाला आणि त्यांनीं आत्महत्या केली. त्या दुःखाच्या काळांत रमाबाई कांहीं दिवस ऑक्सफर्डला प्रोफेसर मॅक्स म्यूलर यांच्या घरीं राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या कृत्यावरून महाराष्ट्रांत जो कल्लोळ उठला तो सर्वांस माहीत आहे. मात्र दीक्षेनंतर वाँटेजच्या घरांत जें सुरू झालें तें फारसें कोणाला ठाऊक नसतें.

मठांतील सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे रमाबाईंच्या धर्मशिक्षणाचें काम होतें. रमाबाई आणि मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्रांच्या मायन्यांतही हाच शब्द रोमन लिपींत येतो. नात्याचा हा मराठी शब्द एका इंग्रज संन्यासिनीला लावतांना रमाबाईंच्या मनांत खरी माया होती. पण आजीबाई म्हटलें कीं लाडाबरोबर धाकही आला.

पहिला खटका उडाला तो अन्नावरून. रमाबाईंनीं धर्म बदलला, परंतु अन्न बदललें नाहीं. मांस नाहीं, मासळी नाहीं, अंडेंही नाहीं. अंडें घातलेलें पुडिंग सुद्धां नाहीं. भगिनींना वाटे, ही जुन्या जातीच्या अभिमानाची खूण आहे. ख्रिस्ताची झाली ती अजून ब्राह्मणीणच राहिली. रमाबाईंनीं लिहून कळविलें कीं, माझा गर्व तुम्हांस पुडिंगांत, भातांत, पाण्यांत किंवा पायांतल्या जोड्यांत शोधावयाचा असेल तर खुशाल शोधा. मला माझ्या पूर्वजांचा असा पूर्ण त्याग करावयाचा नाहीं. यांत हट्ट आहे असें कोणी म्हणेल. पण भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गांवचा भातावर वाढलेला मनुष्य नुसता मुंबईस चाकरीला गेला तरी खाणावळींतल्या पहिल्या ताटाशीं त्याचा जीव कसा होतो, हें आपण जाणतों. रमाबाईंजवळ तर देश, नातलग आणि जुना धर्म यांपैकीं कांहींच उरलें नव्हतें. पांढरें लुगडें आणि निरामिष अन्न, एवढेंच त्यांनीं जवळ ठेवलें.

दुसरा प्रसंग क्रूसाचा. गळ्यांत घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें असत. रमाबाईंनीं विचारलें कीं, ही भाषा ना माझी, ना तुमची. मग तीच पवित्र कां? क्रूसावर संस्कृत शब्द असावे, हें त्यांचें म्हणणें. भगिनींना हा प्रश्नच उद्धटपणाचा वाटला.

१८८४ त रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत गेल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील या मोठ्या विदुषी. त्यांच्या हाताखालीं रमाबाई इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकल्या आणि मोबदला म्हणून संस्कृत शिकवूं लागल्या. पुढें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावें अशी गोष्ट निघाली, तेव्हां मुंबईच्या बिशपांनीं हरकत घेतली : स्त्रीनें पुरुषांस शिकविलें तर स्वदेशीं तिची पत जाईल! ज्या बाईनें कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या भरसभेंत व्याख्यानें दिलीं, तिला हिंदुस्थानची रीत एका इंग्रज पाद्रीसाहेबानें समजावून सांगावी, हा विनोद रमाबाईंच्या ध्यानांत आला नसेल असें नाहीं. त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, आपल्या देशच्या भटभिक्षुकांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें आहे, तें दुसऱ्या पुरोहितांच्या हातून पुन्हां चढवून घ्यावयाचें नाहीं. त्रैमूर्तीसारख्या धर्ममतांविषयीं आणि मनोरमेला काय शिकवावें याविषयींही असेच वाद झाले.

येथें सिस्टर जेराल्डीन यांना खलनायिका ठरविणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांनीं मायलेकींना आसरा दिला, मुलीला सांभाळलें, आणि आपल्याला झोंबलेलें एकूण एक पत्र जपून ठेवलें. मठांत जपलेला हा पत्रव्यवहार १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें छापला, म्हणूनच आज हा इतिहास हातीं येतो. चूक एवढीच कीं, दिलेल्या अन्नाबरोबर आज्ञापालनही येतें असें त्या धरून चालल्या. रमाबाई उपकार मानीत होत्या. मन गहाण ठेवावयास मात्र तयार नव्हत्या. आश्रितानें असें वागणें कोणत्याही देशांत कठीणच.

फेब्रुवारी १८८६ मध्यें इंग्लंड सोडून त्या अमेरिकेस निघाल्या. निमित्त होतें त्यांच्या दूरच्या आप्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचें. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत तो समारंभ झाला आणि रमाबाई तेथें हजर होत्या. जावयाचें होतें थोड्या दिवसांसाठीं, राहिल्या अडीच वर्षांवर. तेथेंच त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयीं इंग्रजी पुस्तक लिहिलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या नियोजित विधवाशाळेसाठीं ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली.

परत आल्यावर १८८९ त निघालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या मराठी पुस्तकांत त्यांनीं अमेरिकेची राज्यपद्धति, शाळा, घरें, ऋतु, बायकांच्या संस्था, सारें वर्णिलें आहे. राजा नसलेलें राज्य त्यांना फार भावलें. पण डोळे मिटून स्तुति नाहीं; काळ्या लोकांशीं आणि तेथील मूळच्या रहिवाशांशीं गोऱ्यांनीं केलेलें वर्तनही त्यांनीं नमूद केलें. इंग्लंडांत तीन वर्षें परकी म्हणून वावरलेल्या बाईला हा कमीपणा ओळखूं यावयास वेळ लागला नसावा.

जपानमार्गें प्रवास करून फेब्रुवारी १८८९ त त्या मुंबईस उतरल्या. ११ मार्च रोजीं, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षें होत असतां, मुंबईंत शारदासदन उघडलें. आनंदीबाई तेव्हां हयात नव्हत्या. पुढच्या वर्षीं सदन पुण्यास आलें. तेथें येणाऱ्या ब्राह्मण विधवांना आपापल्या जातीच्या आचाराप्रमाणें राहण्याची मोकळीक होती, आणि त्यांचा स्वयंपाकही सोवळ्याओवळ्याच्या रीतीनें वेगळा होत असे.