फ्लोअर बर्गर

स्टॉकहोममध्ये जन्मलेले आणि शिकागोत वाढलेले अमेरिकन शिल्पकार क्लेस ओल्डनबर्ग (१९२९–२०२२) यांची १९६२ मधील कलाकृती. मूळ नाव ‘जायंट हॅम्बर्गर’. पॉप कलेतील मऊ शिल्पांच्या अगदी पहिल्या नमुन्यांत तिची गणना होते.

डिसेंबर १९६१ मध्ये ओल्डनबर्ग यांनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात ‘द स्टोअर’ नावाचे खरेखुरे दुकान थाटले. तारेच्या जाळीवर प्लास्टरमध्ये भिजवलेले कापड चढवून आणि भडक एनॅमल रंग देऊन केलेले केक, सँडविच, कपडे असा माल तिथे विकायला होता. कलावस्तू हीही विकाऊ वस्तूच, हे त्यांनी तिथे उघडपणे मांडले. पुढच्याच वर्षी ग्रीन गॅलरीतील प्रदर्शनासाठी त्यांनी हेच खाद्यपदार्थ अवाढव्य केले. मोटारींच्या शोरूममध्ये गाड्या जशी जागा व्यापतात, तशी शिल्पांनी व्यापावी अशी त्यांची कल्पना होती.

हा बर्गर सुमारे २.१ मीटर रुंद आणि १.३ मीटर उंच आहे. कॅनव्हासच्या शिवलेल्या खोळीत फोम रबर व पुठ्ठ्याची खोकी भरून वरून रंग दिला आहे. पाव, मांसाची चकती, वरचा पाव आणि सर्वांत वर काकडीच्या लोणच्याची एक चकती. शिवणकाम ओल्डनबर्ग यांच्या तेव्हाच्या पत्नी पॅटी यांचे. या शिल्पांचा सारा डौल शिवणीवर उभा असल्याने पॅटी यांचे श्रेय मोठे आहे. बर्गर चौथऱ्यावर नाही, थेट जमिनीवर ठेवलेला असतो. हातात मावणारा, दोन मिनिटांत संपणारा पदार्थ इथे माणसापेक्षा जड होऊन बसतो आणि खाणाऱ्यालाच त्याला वळसा घालून जावे लागते. भरपेट जेवून सुस्तावलेल्या देहासारखा तो किंचित ढिला पडलेला दिसतो. अतिसेवनावर याहून नेमके भाष्य त्या काळच्या कलेत क्वचितच सापडेल. तरीही त्यात तुच्छता नाही. रस्त्यावरच्या साध्या खाण्याविषयी शिल्पकाराला वाटणारा जिव्हाळा स्पष्ट जाणवतो.

१९६७ मध्ये टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओ या कलासंग्रहालयाने ही कलाकृती विकत घेतली, तेव्हा कलाविद्यार्थ्यांनी केचपची प्रचंड बाटली बनवून निषेध नोंदवला.

अतिसेवनाच्या याच विषयावरची नंतरची कामे अधिक कठोर आहेत. डेन्मार्कच्या सुपरफ्लेक्स गटाच्या ‘फ्लडेड मॅकडोनल्ड्स’ (२००९) या चित्रफितीत निर्मनुष्य रेस्टॉरंटची हुबेहूब प्रतिकृती हळूहळू पाण्याखाली जाते. तिचा इशारा थेट आहे. पाहणाऱ्याची स्वतःची भूक मात्र ओल्डनबर्ग यांच्या बर्गरसमोरच जागी होते, आणि म्हणून तीच कलाकृती श्रेष्ठ ठरते.