कन्सोलमध्ये फोर-के डिस्क हवी का? एकाच प्रश्नाची चार उत्तरं

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की पहिला प्रश्न बहुतेकदा 'हवं की नको' याच थाटाचा सुचतो. माझाही तसाच होता: गेम खेळायच्या कन्सोलवर अल्ट्रा हाय डेफिनिशन, म्हणजे फोर-के चित्रपटांची डिस्क चालायला हवी का? गाइडनी समासात दोनच शब्द लिहिले: 'कोणत्या साली?' तेव्हा रागच आला होता. पण प्रश्नाला साल जोडलं आणि उत्तर दर वेळी बदलत गेलं. कसं, ते बघा.

साल २०००. ४ मार्चला जपानमध्ये प्लेस्टेशन २ आलं, किंमत ३९,८०० येन. त्यावर डीव्हीडी चित्रपटही चालत. डीव्हीडी प्लेअर तेव्हा महाग होते, त्यामुळे गेमसोबत प्लेअरही मिळतोय म्हणून अनेकांनी ते घेतलं. गेमलाही डीव्हीडीची जास्त जागा मिळाली. इथे उत्तर सोपं आहे: हो, हवी.

साल २००६. तोच डाव सोनीने ब्लू-रे घेऊन पुन्हा टाकला. अमेरिकेत प्लेस्टेशन ३ ची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती, तर त्याच वर्षी आलेला सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरचा. म्हणजे ग्राहकाच्या बाजूने हिशेब पुन्हा जुळत होता. पण कंपनीच्या बाजूने बघा. निळ्या लेझरच्या डायोडचा तुटवडा पडला आणि युरोपातली विक्री मार्च २००७ पर्यंत लांबली. यंत्र खर्चापेक्षा कमी किमतीत विकावं लागलं. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा सुमारे २३,००० कोटी येन होता.

मायक्रोसॉफ्टने दुसरी वाट धरली. एक्सबॉक्स ३६० मध्ये साधा डीव्हीडी ड्राइव्ह ठेवला आणि प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह सुमारे २०० डॉलरला वेगळा विकला. ज्याला हवा त्याने घ्यावा. पुढे ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने आपण फक्त ब्लू-रेवरच चित्रपट काढणार असं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी सोडली.

इथेच आपण फसतो. 'प्लेस्टेशन ३ मुळे ब्लू-रे जिंकलं' हे वाक्य माझ्याही पहिल्या मसुद्यात होतं. ते पूर्ण खोटं नाही; घरोघरी गेलेल्या प्रत्येक यंत्रात ब्लू-रे ड्राइव्ह होता, ही मोठीच गोष्ट. पण डिस्ने आणि फॉक्स आधीपासून ब्लू-रेच्या बाजूने होते, आणि शेवटचा धक्का एका स्टुडिओच्या निर्णयाने बसला. शेवट माहीत असला की मधल्या सगळ्या गोष्टी त्याच दिशेने निघाल्या होत्या असं वाटायला लागतं. २००६ मध्ये निर्णय घेणाऱ्यांना तो शेवट माहीत नव्हता, हे लिहिताना सतत आठवावं लागतं.

साल २०१६. आता गंमत बघा. ऑगस्टमध्ये एक्सबॉक्स वन एस आलं, २९९ डॉलरपासून, आणि त्यावर फोर-के डिस्क चालत होती. नोव्हेंबरमध्ये ३९९ डॉलरचं प्लेस्टेशन ४ प्रो आलं, त्यावर नाही! ब्लू-रेसाठी एवढा तोटा सोसलेली, स्वतःचा चित्रपट स्टुडिओ असलेली कंपनी मागे राहिली. सोनीचं म्हणणं होतं की लोक आता स्ट्रीमिंगवर बघतात. नेटफ्लिक्सवर फोर-के २०१४ पासून होतंच. शिवाय गेम अजून ५० जीबीच्या ब्लू-रेवरच येत होते. नवा ड्राइव्ह घातला असता तरी गेमला त्याचा उपयोग नव्हता.

साल २०२०. प्लेस्टेशन ५ मध्ये फोर-के डिस्कचा ड्राइव्ह परत आला, कारण आता गेमलाच १०० जीबीपर्यंतची डिस्क लागत होती. चित्रपटांची सोय त्यासोबत आली. आणि त्याच यंत्राचा बिनड्राइव्हचा प्रकारही निघाला: एक ४९९ डॉलरला, दुसरा ३९९ ला. २००६ मध्ये ड्राइव्हचा खर्च सगळ्यांच्या यंत्रात दडलेला होता. आता तो ग्राहकासमोर १०० डॉलर होऊन उभा राहिला. २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तर ड्राइव्ह वेगळाच घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टची २००६ ची वाट शेवटी सोनीनेही धरली.

म्हणजे 'हवी का?' हा प्रश्न मोडून त्याचे तीन प्रश्न करावे लागतात. त्या साली वेगळा प्लेअर केवढ्याला होता? डिस्कची गरज गेमला होती की फक्त चित्रपटाला? आणि खर्च कोण उचलत होतं? तुमचा विषय कापड गिरण्यांचा असो की टेलिफोनचा, आधी साल, मग किंमत, मग पैसे देणारा, या क्रमाने गेलात तर 'हवं की नको'च्या वादातून बाहेर पडाल.

एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नाही. स्ट्रीमिंगवरचा चित्रपट करार संपला की निघून जातो; डिस्क हातात राहते. चित्रपटांवर काम करणाऱ्यासाठी डिस्क म्हणजे साधन आणि ड्राइव्ह म्हणजे ते वाचायची लिपी. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं. कन्सोलमधूनही ड्राइव्ह गेला, तर तीस वर्षांनी ही साधनं वाचणार कशावर? त्या १०० डॉलरच्या फरकात हा खर्च कोणीच धरलेला नाही. तो तुमच्या पिढीतल्या संशोधकांच्या अंगावर येणार आहे, म्हणून आत्ताच मोजायला शिका.