गिअरचा धक्का

आसगाव हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील एक गाव. वैनगंगेच्या या मुलखात धान हे मुख्य पीक, आणि धान म्हटले की पोती आली, पोती म्हटली की वाहतूक आली. पूर्वी हे ओझे बैलगाडीने वाहिले. आता ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा लहानशा पिकअप मोटारीत चढते. आज ज्या धक्क्याविषयी बोलावयाचे आहे त्याचे मर्म मात्र बैलगाडीपाशीच चांगले समजते. चालत्या गाडीवर चढणारा शहाणा मनुष्य आधी चार पावले गाडीबरोबर धावतो आणि मग पाय वर घेतो. जो न धावता एकदम दांडी पकडतो, त्याच्या खांद्याला हिसका बसल्यावाचून राहत नाही. दोन निरनिराळ्या वेगांनी चालणाऱ्या वस्तू जोडावयाच्या असल्या, तर त्यांच्या वेगांतील फरक कोणीतरी आधी मिटवावा लागतो. तो मिटविला नाही तर हिसका बसतो. मोटारीच्या गिअरचा सारा इतिहास म्हणजे हा फरक कोणी मिटवावा, या प्रश्नाचा इतिहास होय.

प्रथम ते काम चालकाच्या अंगावर होते. गेल्या शतकापूर्वीच्या दशकात फ्रान्समध्ये लव्हासोर या अभियंत्याने सरकत्या दंतचक्रांची गिअरपेटी मोटारीत बसविली. ही रीत राकट आहे खरी, पण चालते, असे तो स्वतःच म्हणाल्याचे सांगतात. राकट ती होतीच. फिरते दाते फिरत्या दात्यांत घुसवावयाचे, तेव्हा चालकाने क्लच दाबून गिअर मोकळा करावा, क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवून घ्यावा, पुन्हा क्लच दाबावा आणि मगच दांडा पुढे ढकलावा. यात चूक झाली की दात्यांचा करकराट साऱ्या रस्त्याला ऐकू जाई.

१९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत अर्ल थॉम्प्सन या अभियंत्याची सिंक्रोमेश गिअरपेटी आली. त्याने दात्यांच्या आधी एक निमुळते धातूचे कडे घातले. दांडा ढकलला की प्रथम हे कडे घासले जाते, घर्षणाने दोन्ही बाजूंचे वेग समान होतात, आणि मग दाते निमूटपणे एकमेकांत शिरतात. गाडीबरोबर चार पावले धावण्याचे काम त्या कड्याने पत्करले. त्याच १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. तो १९५४ पर्यंत चालला. नवी युक्ती मात्र एका दिवसात सर्वत्र पोहोचत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या विलीज जीपगाड्यांत दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला हे कडे असे, पहिल्याला नसे. म्हणून चालत्या जीपचा पहिला गिअर टाकणे ही चालकाची परीक्षाच होती.

आसगावच्या श्रोत्यांना या कड्यासाठी अमेरिकेकडे पाहण्याचे कारण नाही. त्यांच्याच जिल्ह्यात, साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गावरील गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात उभा राहिला, आणि तेथे मोठ्या मालमोटारींच्या सिंक्रोमेश गिअरपेट्या तयार होतात. त्यांचे मूळ तंत्र जर्मनीच्या त्सेडएफ या कंपनीचे. ही कंपनी १९१५ साली कशासाठी निघाली? झेपेलिन नावाच्या अवाढव्य विमाननौकांना चांगली दंतचक्रे हवी होती म्हणून. आकाशातील नौकांसाठी आरंभलेली विद्या धानाच्या शिवारात येऊन स्थिरावली, ही गोष्ट मला तरी मोठी गमतीची वाटते.

आता स्वयंचलित गिअरपेटीकडे वळू, कारण जुन्या पिकअपचा धक्का आणि त्याचे निदान हा खरा अवघड भाग तिच्यातच आहे. येथे वेगांचा फरक मिटविण्याचे काम तेलाकडे आले. १९०५ साली हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी एक योजना काढली. समोरासमोर दोन पंखे, मध्ये द्रव. एक पंखा फिरला की द्रव दुसऱ्यास फिरवितो, धातूस धातू लागत नाही. या तत्त्वास ग्रहचक्रांची जोड देऊन थॉम्प्सन याच्याच मंडळींनी हायड्रामॅटिक ही चार वेगांची पेटी सिद्ध केली, आणि ती १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिल मोटारीत विक्रीस आली. ग्रहचक्रांत दाते सदैव गुंतलेलेच असतात. मधल्या सूर्यचक्राभोवती लहान चक्रे फिरतात, आणि यांपैकी कोणते धरून ठेवावे व कोणते सोडावे यावर वेग ठरतो. धरण्याचे काम तेलाच्या दाबाने आवळणारे पट्टे आणि क्लचच्या चकत्या करतात. म्हणून येथील धक्का दात्यांचा नसतो, पकडीचा असतो. पकड फार लवकर बसली, फार जोराने बसली, किंवा एक सुटण्यापूर्वी दुसरी बसली, म्हणजे गाडी हिसका देते.

दुसऱ्या महायुद्धात हीच पेटी अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यांत गेली, आणि १९५३-५४ च्या सुमारास फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या पिकअपमध्येही स्वयंचलित पेट्या मिळू लागल्या. परंतु पहिल्या हायड्रामॅटिकला एक खोड होती. दुसऱ्यावरून तिसऱ्या वेगात जाताना तिच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही चक्रसंचांना एकाच क्षणी पकड बदलावी लागे. तो क्षण किंचित चुकला तरी बसणाऱ्याची मान हले. ब्यूक मोटारीच्या अभियंत्यांनी १९४८ साली आणलेल्या डायनाफ्लो पेटीत धक्का टाळण्यासाठी आपोआप वेग बदलणेच रद्द केले. सारे काम तेलाच्या पंख्यांवर सोपविले. गाडी लोण्यासारखी चालू लागली, पण इंधन मात्र तेलाच्या घुसळणीत वाया जाऊ लागले. अखेर १९५६ साली हायड्रामॅटिकच्या कर्त्यांनी एका पकडीच्या जागी तेलाने भरणारी व रिकामी होणारी लहान जोडणी बसवून तो झटका सौम्य केला. त्यासाठी पेटी अधिक गुंतागुंतीची व महाग झाली. गुळगुळीतपणा फुकट मिळत नाही, हे या व्यवसायाने तेथेच ओळखले.

साठीच्या दशकात निघालेल्या पेट्यांत एक फार चतुर भाग आहे. इंजिनावर भार कमी असेल तेव्हा पकड हळुवार बसावी, भार जास्त असेल तेव्हा घट्ट बसावी. हे पेटीस कळावे कसे? इंजिनाच्या हवेच्या वाटेत जी पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, निर्माण होते, ती एका नळीने पेटीवरील लहान डबीत नेली. पोकळी खोल असली की भार कमी. डबीतील पडदा सरकतो आणि तेलाचा दाब उतरतो. आता कल्पना करा की वीसपंचवीस वर्षांनी ती रबरी नळी तडकली. पेटीस वाटते की इंजिन पूर्ण भाराने झटते आहे. ती दाब चढविते, वेग उशिरा बदलते आणि जोराने बदलते. मालकास वाटते पेटी गेली, आणि घाईचा मिस्त्री ती उतरवून उघडतो. हजारोंचा खर्च होतो. दोष असतो वीतभर नळीत. पेटी आधी उघडणे म्हणजे ताप आला म्हणून छाती चिरणे होय. नळी डबीपासून काढून पाहावी. तीत लाल तेल दिसले, तर आतला पडदा फाटलेला असतो आणि इंजिन ते तेल ओढून धुराड्यातून पांढरा धूर सोडीत असते.

काही पेट्यांत नळीऐवजी प्रवेगकाशी जोडलेली तार असते. ती फार ताणलेली असेल तर धक्का येतो. येथे एक सावधगिरीची सूचना आहे. धक्का नको म्हणून तार सैल करून देणारे कारागीर आढळतात. गाडी त्या दिवशी मऊ चालते, मालक खूश होतो. पण दाब उतरल्याने चकत्या घसरतात, जळतात, आणि मग खरोखरच पेटी उतरवावी लागते. ती तार मापाप्रमाणेच बसवावी लागते.

परंतु या सर्वांआधी तेल पाहावे. बहुतेक जुन्या गाड्यांत ते इंजिन गरम व चालू असताना, सपाट जागी मापावयाचे असते. कमी असेल तर पंप हवा ओढतो, फेस होतो, गिअर टाकल्यावर क्षणभर काहीच घडत नाही आणि मग एकदम हिसका बसतो. तेल तपकिरी होऊन जळका वास येत असेल तर चकत्या झिजल्याचे समजावे. तेलाची जातही महत्त्वाची. एके काळी या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळीत, कारण त्याने चकत्या घसरत घसरत हळुवार धरतात. १९७० साली अमेरिकेत तो देवमासा संकटग्रस्त प्राण्यांत गणला गेला, आणि कारखानदारांना दुसरी द्रव्ये शोधावी लागली. फोर्डने मात्र टाइप-एफ नावाचे असे तेल वापरात आणले होते की ज्यात ही निसरड घातलेलीच नव्हती. त्यांच्या चकत्या त्याच बेताच्या होत्या. ते तेल जनरल मोटर्सच्या पेटीत ओतले तर पकड कडक होते आणि धक्का वाढतो. दोष यंत्राचा नाही, ओतणाऱ्याचा.

गिअर टाकताच, गाडी हलण्यापूर्वी, मागच्या बाजूस ठणका ऐकू येत असेल, तर दंडाचे सांधे किंवा इंजिनाखालची रबरे झिजलेली असण्याचा संभव आहे. थांबलेल्या इंजिनाची गती गरजेपेक्षा जास्त ठेवली असली तरी तसाच हिसका बसतो. हे सारे निर्दोष ठरले, तर दाबमापक जोडून तेलाचा दाब मोजावा, आणि मगच पेटीस हात घालावा.

आसगावच्या बाजूस धावणारे बहुतेक पिकअप आजही हाताने गिअर टाकण्याचेच आहेत. तथापि इसुझू व टोयोटा यांचे स्वयंचलित पिकअप भारतात विकले जाऊ लागले आहेत, आणि आज नवे असलेले वाहन उद्या जुने होणारच. त्यांत नळी नाही, तार नाही. दाब किती ठेवावा हे संगणक ठरवितो. चकत्या झिजत जातात तसतसा तो आपला हिशेब बदलतो आणि लक्षात ठेवतो. अशा काही गाड्यांत तो हिशेब पुसला गेला, तर पुढचे कित्येक मैल गाडी हिसके देत चालते. त्या अवधीत पेटीस हात न लावता गाडी चालवीत राहावी. संगणक हिशेब पुन्हा जुळवून घेतो.