गिरणीत दिवा कधी लागला? जुन्या कारखान्यांच्या संगणकीय प्रतिकृती आणि इतिहासाचा खरेपणा

संगणकावर उभ्या केलेल्या एखाद्या जुन्या कापडगिरणीच्या प्रतिकृतीत प्रेक्षक शिरतो. समोर यंत्रांच्या रांगा, छताखाली फिरणारे दांडे, त्यांवरून खाली उतरलेले चामडी पट्टे, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू आणि वर ओळीने टांगलेले पिवळसर विजेचे दिवे. कोपऱ्यात अक्षरे उमटतात : ‘मुंबई, 1885’. दृश्य मोहक असते. त्यातला दिवा मात्र खोटा असतो, आणि त्या एका दिव्याने कामगारांच्या आयुष्याचा एक मोठा अध्याय पुसला जातो.

मुंबईतली पहिली यशस्वी कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केली आणि 1856 मध्ये ती चालू झाली. त्यानंतरची सुमारे चार दशके बहुतेक गिरण्यांचा दिवस सूर्य ठरवीत असे. उजाडताना भोंगा आणि अंधारताना सुटी, असा क्रम होता. मुंबईत डिसेंबरातला दिवस सुमारे 11 तासांचा आणि जूनमधला सव्वातेरा तासांचा. कामाचे तासही ऋतूप्रमाणे त्याच मानाने कमीअधिक होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विजेचे दिवे गिरण्यांत पसरू लागले आणि हे नैसर्गिक बंधन तुटले. 1905च्या सुमारास कापडधंद्यात तेजी आली तेव्हा अनेक गिरण्यांत कामगार दिवसाला चौदा-पंधरा तास राबत होते. त्यावरून ओरड झाली, 1906 ते 1908 या काळात एकापाठोपाठ एक समिती आणि आयोग नेमले गेले, आणि 1911च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामालाही प्रथमच 12 तासांची मर्यादा घातली. म्हणजे छताला टांगलेला दिवा हा कामगार कायद्याच्या इतिहासातला एक पुरावा आहे. तो दहा-पंधरा वर्षे आधी लावला की कारण आणि परिणाम यांची साखळीच उलटीपालटी होते.

भारतात प्राचीन वारशाच्या अंकीय जतनाचे काम काही काळापासून चालू आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने हंपीच्या अवशेषांवर ‘इंडियन डिजिटल हेरिटेज’ हा प्रकल्प राबवला, त्यात अभियंते, इतिहासकार आणि कलावंत एकत्र आले. देवळे, लेणी आणि किल्ले यांच्याकडे असे लक्ष जाते. कारखाने, खाणी आणि वीजघरे यांच्या वाट्याला ते फार थोडे येते. गिरण्या पाडल्या जातात, यंत्रे भंगारात निघतात, आणि मागे उरते ती संगणकातली प्रतिकृती. मूळ वस्तू नाहीशी झाल्यावर प्रतिकृतीच पुढच्या पिढीचा पुरावा ठरते. म्हणून तिच्या अचूकतेचा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहत नाही.

मिलिमीटर आणि वर्ष

लेझर किरणांनी एखाद्या दालनाचे मोजमाप घेतले की लक्षावधी बिंदूंचा एक ढग तयार होतो आणि भिंतीचा पोचाही त्यात काही मिलिमीटरच्या अचूकतेने उमटतो. अनेक कोनांतून काढलेल्या छायाचित्रांवरूनही अशीच त्रिमित आकृती रचता येते. परंतु हे मोजमाप मोजणीच्या दिवसाचे असते. शंभर वर्षे चाललेल्या दालनात प्रत्येक दशकाचा थर साचलेला असतो. बिडाचे खांब मूळचे, त्यांवरचा रंग नंतरचा, खिडकी मधल्या काळात बुजवलेली, नळीचे दिवे स्वातंत्र्योत्तर काळातले. मोजणी यंत्र हे सारे एकाच क्षणाचे म्हणून नोंदवते. कोणता थर कोणत्या वर्षाचा, हे इतिहासकाराला कागदपत्रांतूनच शोधावे लागते. मिलिमीटरची अचूकता हाती आली म्हणून वर्षाची अचूकता आपोआप येत नाही.

दुसरी अडचण तयार साहित्याची. प्रतिकृती करणारे बरेचदा आधीच रचलेली यंत्रे, खांब आणि दिवे यांचे साठे वापरतात, आणि त्यांत युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांचा भरणा अधिक असतो. हे काही अंशी चालून जाते, कारण भारतातल्या कितीतरी गिरण्यांची यंत्रे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या लँकेशायरमधल्या कारखान्यांतूनच आली होती. पण साम्य तेथे संपते. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या दशकातच जमशेटजी टाटांनी तेथे रिंग पद्धतीच्या चात्यांचा अवलंब केला. लँकेशायर मात्र त्यानंतरही दीर्घकाळ पुढेमागे सरकणाऱ्या म्यूल यंत्रांना चिकटून राहिले. इंग्रजी गिरणीचे दालन उचलून जसेच्या तसे नागपुरात बसवले, तर भारतीय कारखानदारीने स्वतंत्रपणे घेतलेला एक महत्त्वाचा तांत्रिक निर्णय त्या चित्रातून गळून पडतो.

छतातून येणारा उजेड

विणाईच्या शेडवर करवतीच्या दातांसारखे छप्पर असते. त्याची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे ठेवायची, म्हणजे थेट ऊन आत न येता मंद, सारखा उजेड मिळतो. ही रचना इंग्लंडमध्ये रुजली. मँचेस्टर सुमारे साडेत्रेपन्न अक्षांशावर आहे. तेथे भर उन्हाळ्यातही दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच राहतो आणि क्षितिजापासून सुमारे साठ अंशांवर चढतो. मुंबई एकोणीस अक्षांशावर आहे. ‘शून्य सावली दिवस’ ठाऊक असणाऱ्यांना उरलेले गणित सोपे आहे : साधारण 15 मे रोजी दुपारचा सूर्य मुंबईच्या डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्ही तो उत्तरेकडे असतो. कोलकात्यातही जूनच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाभर तसेच घडते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ढग आड येतात. पण मेच्या उत्तरार्धात, उकाडा शिगेला असताना, उत्तरेच्या काचांतून ऊन आत उतरू शकते.

आजच्या संगणकीय आज्ञावल्यांत अक्षांश, दिनांक आणि वेळ दिली की सूर्याची जागा अचूक मिळते. तरी कित्येक दृश्यांत धुक्यातून झिरपणारा तिरपा, निळसर उजेडच दिसतो. तो चित्रपटांतून मनात बसलेल्या इंग्लंडचा असतो. दिव्यांचेही तसेच. कार्बनच्या तंतूचा दिवा सुमारे 2000 केल्व्हिनच्या आसपासचा तांबूस उजेड देतो, टंगस्टनचा दिवा त्याहून पांढरा. एका रंगाऐवजी दुसरा वापरला तर दालनाचे दशक बदलते.

शक्ती आली कुठून?

वाफेवर चालणाऱ्या गिरणीत एक मोठे इंजिन असे. त्याच्या अजस्र चाकावरून सुती दोर प्रत्येक मजल्याकडे जात, तेथे छताखालचे दांडे फिरवीत, आणि दांड्यांवरून पट्टे खालच्या यंत्रांपर्यंत पोचत. एका ठिकाणी इंजिन थांबले की सारी इमारत थांबे. दोरांसाठी सोडलेली उंच, अरुंद जागा हा अशा इमारतीचा कणा होता. 1915 मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, आणि हळूहळू इंजिनाची जागा मोटारींनी घेतली. प्रथम एक मोटार अनेक यंत्रांना पट्ट्यांनीच चालवी; पुढे प्रत्येक यंत्राला आपली मोटार मिळाली आणि छत मोकळे झाले. प्रतिकृतीत पट्टे दाखवावेत की नाहीत, दोरांची जागा चालू की बंद, धुराड्यातून धूर निघतो की नाही, हे सारे एकमेकांत गुंतलेले प्रश्न आहेत. प्रत्येक यंत्राला मोटार आणि वर फिरते पट्टे, असे दृश्य दिसायला भरगच्च असते, पण त्यात यंत्र दोनदा चालवलेले असते.

छायाचित्रे येथे मदत करतात आणि फसवतातही. त्या काळच्या बहुतेक छायाचित्रकाचा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. तांबडे रंगवलेले यंत्र त्यांत काळे दिसते. दीर्घ उद्भासनामुळे फिरणारा पट्टा धूसर होतो, चालणारा माणूस नाहीसा होतो. म्हणून अनेकदा यंत्रे थांबवून, फरशी झाडून, कामगारांना उभे करून छायाचित्र काढले जाई, तेही मालकाच्या सांगण्यावरून. त्या शांत, स्वच्छ दालनाची हुबेहूब नक्कल केली तर गिरणी बंद असतानाचे चित्र मिळते. चालू विणाई शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. तेथे माणसे खाणाखुणांनी बोलत.

दालनातली माणसे

बहुतेक प्रतिकृती निर्मनुष्य असतात. माणसे रचणे कठीण आणि खर्चिक आहे, हे खरे. पण रिकामे दालन तटस्थ राहत नाही. 1881च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास कामाची मुभा दिली. याचा अर्थ 1885च्या कताईखात्यात भरलेल्या बॉबिन बदलणारी आठ-नऊ वर्षांची मुले असणारच. त्यांची उंची लक्षात घेतल्याखेरीज यंत्राच्या खालच्या कडांचा आणि उघड्या चाकांचा धोका कळत नाही. रविवारची सुटीही सुरुवातीपासून नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या प्रयत्नांनंतर 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली.

जातीचा प्रश्न याहून खोल आहे. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना विणाईखात्यात येऊ देत नसत. विणाईत मजुरी अधिक होती. अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या कताईखात्यात अडकून राहिले. 1928च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय ठामपणे मांडला. प्रतिकृतीत धोटा अगदी अचूक असेल, लाकडाचा पोत आणि भोकाची जागाही बरोबर असेल. पण ते भोक कशासाठी आणि त्यावरून कोणाला दाराबाहेर ठेवले गेले, हे कळले नाही, तर त्या अचूकतेतून इतिहास निसटतो. हे मोजणी यंत्राला दिसत नाही. ते चौकशी समित्यांच्या नोंदींत आणि कामगारांच्या आठवणींत सापडते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून संकलित केलेला इतिहास 2004 मध्ये पुस्तकरूपाने आला. प्रतिकृती करणाऱ्यासाठी असे संकलन नकाशाइतकेच मोलाचे आहे.

जेथे मोजणी पोचत नाही

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. 1902 मध्ये शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून तेथे वीज आली. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. याच खाणीत, सुमारे 2300 मीटर खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि जपान व इंग्लंडमधले शास्त्रज्ञ यांनी 1965 मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल नोंदवली. जगातल्या अशा पहिल्या नोंदींत तिची गणना होते. 2001 मध्ये खाणी बंद झाल्या, उपसा थांबला आणि खोल भाग पाण्याखाली गेले. तेथे आता लेझर नेता येणार नाही.

ही प्रयोगशाळा पुन्हा उभी करायची तर खाणीचे नकाशे, शोधनिबंधांतल्या आकृत्या आणि मोजकी छायाचित्रे एवढाच आधार उरतो. त्यातही काळ सांभाळावा लागेल. 1965च्या प्रयोगात प्लास्टिकचे प्रस्फुरक आणि निऑनच्या नळ्या होत्या. 1980 नंतर प्रोटॉनचा ऱ्हास शोधण्यासाठी उभारलेला सुमारे 140 टनांचा शोधक निराळाच होता. दोन्ही एकाच दृश्यात ठेवले तर प्रेक्षक थक्क होईल, पण विज्ञानाचा पंधरा वर्षांचा प्रवास एका क्षणात चेपला जाईल.

प्रामाणिकपणाची रीत

या अडचणींवर विचार झालेला आहे. 2006 मध्ये मांडलेल्या आणि 2009 मध्ये सुधारलेल्या ‘लंडन सनदे’ने वारशाच्या संगणकीय दृश्यांसाठी एक साधा नियम घालून दिला : काय पुराव्यावर उभे आहे, काय अनुमान आहे आणि निर्णय कसा घेतला, हे नोंदवून ठेवावे आणि पाहणाऱ्याला कळू द्यावे. पुरातत्त्वासाठी तोच विचार पुढे नेणारी ‘सेव्हिल तत्त्वे’ आंतरराष्ट्रीय स्मारक परिषदेने 2017 मध्ये स्वीकारली, आणि ती सभा भरली होती नवी दिल्लीत.

व्यवहारात याचा अर्थ कठीण नाही. मोजलेला भाग एका छटेत, कागदपत्रांवरून घेतलेला दुसऱ्या छटेत आणि कल्पिलेला तिसऱ्या छटेत दाखवता येतो. दालनासोबत एक वर्ष ठरवून द्यावे आणि प्रत्येक वस्तू त्या वर्षाशी ताडून पाहावी. जेथे पुरावा नाही तेथे भिंत करडी, कोरी ठेवावी. रंगीबेरंगी दृश्याच्या तुलनेत अशी भिंत डोळ्याला खुपेल, पण पुढे कोणाला एखादा जुना नकाशा किंवा आठवण सापडली, तर ती नेमकी कोठे बसवायची हे तीच सांगेल.

हुगळीच्या काठच्या काही ज्यूट गिरण्यांत जुनी यंत्रे अजून फिरत आहेत आणि ती चालवणारे हातही आहेत. पट्टा कसा चढवायचा, कोणत्या आवाजाने बिघाड ओळखायचा, उन्हाळ्यात कोणत्या खिडकीला गोणपाट लावायचे, हे त्यांना विचारता येण्याजोगे आहे. मोजणीची यंत्रे दरवर्षी सुधारत जातील आणि भिंती पुढेही मोजता येतील. या माणसांची उत्तरे मात्र आत्ताच टिपावी लागतील.

#विज्ञानाचा_इतिहास #औद्योगिक_वारसा